शिष्यवृत्तीचे अठरा सराव संच झाले, गुण मात्र तिथेच

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक पाचवीत, मराठी माध्यमात. शिष्यवृत्ती परीक्षेला दहा आठवडे उरलेत. गेला दीड महिना आठवड्याला तीन या हिशोबाने अठरा सराव संच सोडवून झाले. गुण ३०० पैकी १८० ते १९० मध्येच घुटमळतात आणि बुद्धिमत्ता चाचणीत १०० पैकी पन्नाशीची वेस काही ओलांडली जात नाही. आईने विचारले आहे, 'संच वाढवू का क्लास लावू?'

ताई, आत्ता तरी दोन्ही नको. आधी एक हिशोब करू. एका संचात दोन पेपर मिळून १५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. १८६ गुण म्हणजे ९३ प्रश्न बरोबर, ५७ चूक. अठरा संचांत हजाराच्या वर प्रश्न चुकले. त्यातले किती प्रश्न तिच्या डोळ्यांखालून पुन्हा गेले? तुमच्या लिहिण्यावरून असे दिसते की संच सोडवला, उत्तरसूचीवरून तपासला, गुण कॅलेंडरवर लिहिले आणि पुढचा संच उघडला. असे केल्याने मूल सराव करते ते त्याच त्या चुकांचा, आणि तो सराव पक्का होतो. गुण अडकले आहेत ते त्यामुळे. मुलगी कमी पडते आहे असे मला यात दिसत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचे ध्येय 'पात्र होणे' आहे की 'गुणवत्ता यादीत येणे', यावर पुष्कळ ठरते. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० गुण लागतात. ती रेघ तिने केव्हाच ओलांडली आहे. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते, आणि तिथली शेवटची गुणरेषा जिल्ह्यागणिक, ग्रामीण-शहरी गटागणिक आणि वर्षागणिक बदलते. तेव्हा 'किती गुणांना लागते?' याचे एक उत्तर नाही. आपल्या जिल्ह्याच्या मागच्या दोन-तीन याद्या काढून पाहा. दुसरे, मुलगी सेमी इंग्रजीत असेल तर अर्जात कोणते माध्यम भरले आहे ते शाळेत विचारून घ्या. वर्गात 'न्यूमरेटर' म्हणणाऱ्या मुलीला 'अंश' शब्द अडतो, आणि ती चूक गणिताची नसतेच. तिसरे, तिचा वाचनाचा वेग. याची घरी करायची साधी चाचणी पुढे देतो.

आता परीक्षेचा सांगाडा, कारण वेळेचे आणि चुकांचे सगळे गणित त्यावर उभे आहे. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात तृतीय भाषेचे (मराठी माध्यमाला इंग्रजी) २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक पेपराला दीड तास. ९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच उत्तरपत्रिकेवर उत्तराचा गोल रंगवणे आले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. काठिण्य पातळी साधारण सोपे ३०, मध्यम ४०, कठीण ३० टक्के अशी ठेवलेली असते.

या शेवटच्या आकड्याकडे नीट पाहा. सोपे आणि मध्यम मिळून ७० टक्के, म्हणजे ३०० पैकी २१० गुण. तुमच्या लेकीला १८६ आहेत, आणि त्यात दोन-चार कठीण प्रश्नही तिने सोडवलेले असणार. म्हणजे येणाऱ्या, निदान यायला हव्यात अशा प्रश्नांतलेच पंचवीस-तीस गुण सांडताहेत. आणि बहुतेक पालक नेमके उलट करतात. गुण अडकले की 'अवघड प्रश्नांचा संच' विकत आणतात. सांडलेले गुण आधी वेचायचे, कठीण प्रश्न मग.

वेचायचे कसे? दोन आठवडे नवा संच बंद. अठरांपैकी शेवटचे चार संच काढा आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक खूण करा. पाच खुणा पुरतात. 'वा' म्हणजे वाचण्यात चूक: प्रश्न समजला असता तर आला असता. 'आ' म्हणजे आकडेमोड: रीत बरोबर, हातचा विसरला. 'घ' म्हणजे घटकच कच्चा, तो प्रकार येतच नाही. 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही. आणि पाचवी खूण, जी कुणी करत नाही, ती 'तु', तुक्का. उत्तर बरोबर आले पण अंदाजाने. ही खूण चुकलेल्या प्रश्नांना लावायचीच नाही, बरोबर आलेल्यांना लावायची.

तुक्क्याला एवढे महत्त्व कशासाठी, ते सांगतो. चार पर्याय असल्यामुळे डोळे मिटून वीस प्रश्न ठोकले तर सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे १० गुण. पण कधी तीन येतात, कधी सात. म्हणजे मुलीच्या तयारीत काडीचा फरक न पडता एका संचात ६ आणि दुसऱ्यात १४ गुण पडू शकतात. आठ गुण वाढले म्हणून पेढे आणि आठ कमी झाले म्हणून बोलणी, दोन्ही फुकट. खरा आकडा पाहायचा तर तुक्क्याचे गुण वजा करून पाहा. त्यासाठी संच सोडवतानाच जिथे खात्री नाही त्या प्रश्नाच्या क्रमांकाला पेनाने छोटा ठिपका द्यायची सवय लावा. अर्ध्या सेकंदाचे काम आहे.

खुणा करताना मुलीला शेजारी बसवा आणि खूण तिलाच ठरवू द्या. 'इथे काय झालं गं?' एवढेच विचारायचे. 'असं कसं चुकलं?' हा प्रश्न नाही, तो दम आहे. त्यावर मूल 'घाईत झालं' एवढेच म्हणते आणि आपल्याला काहीच कळत नाही. प्रश्न मोठ्याने वाचायला लावा. 'वा'ची चूक असेल तर वाचता वाचताच 'अय्या!' म्हणेल. तीच तपासणी.

वाचण्यातल्या चुका कशा असतात त्याचे नमुने देतो, म्हणजे ओळखायला सोपे जाईल. '१ ते १०० मध्ये ९ हा अंक किती वेळा येतो?' उत्तर २०. 'किती संख्यांमध्ये येतो?' उत्तर १९, कारण ९९ मध्ये तो दोनदा आहे. दोन्ही प्रश्न सारखे दिसतात, आणि पर्यायांत १९ व २० दोन्ही हजर असतात. पर्याय उगाच दिलेले नसतात. मुले जिथे घसरतात तिथली उत्तरे हेरून ते तयार केलेले असतात. म्हणून 'माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर' हा मुलांचा लाडका समज आधी मोडायला हवा. भाषेच्या भागात 'पुढीलपैकी अयोग्य विधान कोणते', 'गटात न बसणारा शब्द', 'कोणता शब्द समानार्थी नाही' असे प्रश्न असतात. मूल पहिला बरोबर दिसणारा पर्याय पकडते आणि पुढे पळते. उपाय अगदी साधा: प्रश्न वाचताना 'नाही', 'अयोग्य', 'न', 'वगळून' अशा शब्दाभोवती गोल करायचा. दर वेळी, सोप्या प्रश्नातसुद्धा. सवय हातात बसली पाहिजे, डोक्यात असून उपयोग नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांच्या आणखी काही खास जागा आहेत. एकोणऐंशी म्हणजे ७९ आणि एकोणनव्वद म्हणजे ८९. संख्या अक्षरात आली की हमखास गोंधळ. पावणे-सव्वा-अडीचचे तर विचारूच नका. 'पावणेतीनशे' ऐकून मुलाला 'पाव' ऐकू येते आणि ते पाव मिळवून ३२५ करते. पावणे म्हणजे पाव उणे, तेव्हा २७५. सव्वातीनशे ३२५. पावणेदोन किलो १७५० ग्रॅम. अडीच डझन ३०. हे पाठांतराने येत नाही, वापराने येते. भाजी आणताना, दूध मोजताना दिवसातून चार वेळा बोला, आठवड्यात बसेल. दस्ता, रीम, ग्रोस मात्र पाठच करावे लागते: दस्ता २४ कागदांचा, रीम २० दस्त्यांचे म्हणजे ४८० कागद, ग्रोस १२ डझन म्हणजे १४४. इथे एक गंमत होते. घरी प्रिंटरचे रीम आणले तर त्यावर ५०० लिहिलेले असते आणि हुशार मूल तेच उत्तर देते. त्याला सांगून ठेवा की दुकानातले रीम ५०० चे, परीक्षेतले ४८० चे.

मापनात शून्य गिळले जाते. २ किलो ५० ग्रॅम म्हणजे २०५० ग्रॅम. पर्यायांत २५० आणि २५०० वाट पाहत बसलेले असतात. वेळेच्या वजाबाकीत मूल तासालाही शंभर मिनिटे धरते: सकाळी १०:४५ पासून दुपारी २:२० पर्यंत किती वेळ? १४.२० मधून १०.४५ वजा करून ३.७५ काढणारी मुले दर वर्गात असतात. रीत बदला, वजाबाकीच करू नका. १०:४५ ते ११ पंधरा मिनिटे, ११ ते २ तीन तास, पुढची वीस मिनिटे. ३ तास ३५ मिनिटे. पायरी पायरीने पुढे जाणारे मूल इथे सहसा चुकत नाही.

आता बुद्धिमत्ता, कारण खरी अडचण तिथे आहे. ५० पैकी २५ प्रश्न चुकतात याचा अर्थ 'बुद्धिमत्ता कच्ची' असा लावू नका. या भागात पंधरा-वीस वेगवेगळे प्रकार आहेत: वर्गीकरण, समसंबंध, क्रमिका (मालिकेतले पुढचे पद ओळखणे), सांकेतिक भाषा, आरशातील आणि पाण्यातील प्रतिबिंब, रांग, दिशा, नाती, दिनदर्शिका, घड्याळ, वेन आकृत्या, आकृत्या मोजणे, आणखी काही. चार संचांतले शंभरेक चुकलेले प्रश्न प्रकारानुसार वेगळे करा. बहुधा पाच-सहा प्रकारांतच निम्म्याहून जास्त चुका सापडतील. मग प्रश्न 'बुद्धिमत्तेचा' राहत नाही, सहा प्रकारांचा होतो, आणि दहा आठवड्यांत सहा प्रकार आरामात होतात.

सूत्रे पाठ करून घेण्याची घाई करू नका. रांगेचेच बघा. 'एका रांगेत मीना डावीकडून १२ वी आणि उजवीकडून १५ वी आहे, तर रांगेत किती मुली?' सूत्र: बेरीज वजा एक, २६. पाठ झाले, बरोबर आले. पुढचा प्रश्न: 'रांगेत ३० मुले आहेत, राजू डावीकडून १२ वा, तर उजवीकडून कितवा?' इथे वजा एक नाही, अधिक एक. ३० मधून १२ गेले १८, अधिक १, उत्तर १९. सूत्रवाले मूल १७ किंवा १८ म्हणते. त्याऐवजी कागदावर एक आडवी रेघ, तिच्यावर राजूचा ठिपका, डावीकडे ११, उजवीकडे १८. मग उजवीकडून मोजताना अठरा जणांनंतर राजू, म्हणजे एकोणिसावा. दहा सेकंदांची आकृती, आणि रांगेचा प्रश्न कसाही फिरवून आला तरी चालते. मीनाची रांगही तशीच काढायची: डावीकडे ११, मधे मीना, उजवीकडे १४, झाल्या २६.

आरशातल्या घड्याळाला मात्र मी युक्ती शिकवतो, कारण ती पक्की आहे: ११ वाजून ६० मिनिटे यातून वेळ वजा करा. ४:२० ची आरशातली वेळ ७:४०. घड्याळात बारा वाजून गेलेले असतील, म्हणजे १२:२० वगैरे, तर २३:६० मधून वजा करा, ११:४० येईल. पण त्याआधी दोन दिवस पातळ कागदावर घड्याळ काढून कागद उलटा करून उजेडात धरून दाखवा. एकदा डोळ्यांनी पाहिले की युक्ती विसरली तरी मूल अडत नाही.

दिनदर्शिकेत चूक होते ती मोजणी कुठून सुरू करायची यात. '२६ जानेवारीला सोमवार असेल आणि वर्ष लीप नसेल, तर १५ ऑगस्टला कोणता वार?' महिन्यांचे उरलेले दिवस सातने भागून जी बाकी राहते तीच फक्त धरायची. जानेवारीचे पुढचे ५, फेब्रुवारी ०, मार्च ३, एप्रिल २, मे ३, जून २, जुलै ३, ऑगस्टचे १५. बेरीज ३३, सातने भागून बाकी ५. सोमवारच्या पुढे पाच, शनिवार. २६ तारीखही मोजणारे मूल ६ धरते आणि रविवार म्हणते. त्याला सांगायचे की 'आज' मोजायचा नाही, उद्यापासून मोज. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताळा करायला लावा. २०२६ च्या कॅलेंडरवर हेच दोन वार आहेत.

आकृत्यांच्या क्रमिकेत अडकणाऱ्या मुलाला तीनच प्रश्न विचारायला शिकवा: काय फिरले? किती फिरले? काय वाढले किंवा गेले? आणि एका वेळी आकृतीचा एकच भाग पाहायचा. आधी फक्त बाण, त्यावरून पर्याय खोडायचे. मग ठिपका, उरलेल्यांतले खोडायचे. सगळी आकृती एकदम बघत बसले की डोळे फिरतात आणि दोन मिनिटे जातात.

तृतीय भाषेबद्दल फार लिहीत नाही. तिला २५ प्रश्नांत पस्तीसच्या आसपास गुण पडतात, म्हणजे सतरा-अठरा बरोबर आहेत. पाठ्यपुस्तकातले शब्द, वर्णक्रम, अनेकवचने, यमक जुळणारे शब्द, साधे संवाद एवढे नीट झाले तर चार-पाच प्रश्न सहज वाढतील. इथे वेळही वाचतो, तो बुद्धिमत्तेला द्यायचा.

वाचनाच्या वेगाची चाचणी राहिली. तिने कधी न वाचलेला दीडशे शब्दांचा मराठी उतारा द्या आणि मनात वाचायला सांगा. साधारण सव्वा ते दीड मिनिटात वाचून तिला चार प्रश्नांपैकी तीन आले तर वेग पुरेसा आहे. तीन मिनिटे लागत असतील तर 'वे'च्या सगळ्या चुकांचे मूळ इथे आहे, आणि त्यावर रोज पंधरा मिनिटे काहीही वाचणे हाच उपाय: वर्तमानपत्राचे पान, किशोर मासिक, जे आवडेल ते. गणिताचे पुस्तक पुढे करून वाचनाचा वेग वाढत नाही. उताऱ्याचे प्रश्न सोडवताना आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचणे मुलांना सोयीचे जाते. कवितेला उलट: आधी कविता एकदा लयीत, मग प्रश्न.

चुकांची वही कशी ठेवायची तेही सांगतो, कारण नुसत्या खुणा करून काही होत नाही. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर चुकलेला प्रश्न कापून चिकटवा किंवा लिहा, पण उत्तर लिहू नका. उजव्या पानावर तिच्या शब्दांत एक ओळ: 'मी उजवीकडून मोजलंच नाही', 'पावणेला पाव मिळवला'. पुस्तकातले स्पष्टीकरण उतरवले तर ती वही मेली म्हणून समजा. तीन दिवसांनी उजवे पान झाकून प्रश्न पुन्हा सोडवायचा, दहा दिवसांनी आणखी एकदा. दोन्ही वेळा जमले की काट. नाही जमले तर आकडे बदलून तुम्ही तसेच तीन प्रश्न घालायचे. हजार चुका वहीत घालू नका, दमून जाल. 'वा' आणि 'आ'चे प्रत्येकी दहा-बारा नमुने आणि 'घ'चे मात्र सगळे.

दोन आठवड्यांनी खुणांची बेरीज करा. क्लासचा निर्णय तेव्हा. निम्म्याहून जास्त 'घ' निघाल्या तर शिकवणारे माणूस हवे. आधी शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना घटकांची यादी नेऊन दाखवा. पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत शिष्यवृत्तीचे जादा तास होतात आणि नेमकी यादी हातात असलेल्या पालकाला शिक्षक आनंदाने वेळ देतात. 'वा', 'आ' आणि 'वे' जास्त असतील तर क्लासमध्येही तिला आणखी संचच मिळतील, आणि संच तर तुमच्याकडे आहेतच.

उरलेल्या आठ आठवड्यांचा बेत साधारण असा ठेवा. रोज पाऊण तास, त्याहून जास्त नको; शाळा आणि खेळ सुटता कामा नये. त्यातली पंधरा मिनिटे चुकांच्या वहीला, वीस मिनिटे त्या आठवड्याच्या एका कच्च्या प्रकाराला, दहा मिनिटे पाढे आणि तोंडी हिशोबाला. तीसपर्यंत पाढे, वीसपर्यंत वर्ग. यांना पर्याय नाही, कारण ७२ सेकंदांत बोटांवर मोजायला वेळ नसतो. सुरुवातीचे चार आठवडे पंधरा दिवसांतून एक पूर्ण संच, मधले दोन आठवडे दर आठवड्याला एक, शेवटचे दोन आठवडे दर आठवड्याला दोन. संच म्हणजे दोन्ही पेपर एकाच दिवशी, मधे जेवणाची सुट्टी, घरात टीव्ही बंद आणि तुम्ही खोलीबाहेर. शेजारी बसून 'परत वाच बरं' म्हणालात की तो संच तुमचा झाला. तपासणी त्याच दिवशी, चर्चा दुसऱ्या दिवशी. तीन तास पेपर सोडवून आलेले मूल चुका ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते.

पेपरातली वेळ अशी वाटा: पहिल्या पेपरात भाषेला २२ मिनिटे, गणिताला ५८, हातात १० शिल्लक. गणित दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत बघताक्षणी रीत सुचते ते सगळे सोडवायचे. रीत सुचायला वीस सेकंदांहून जास्त लागली तर क्रमांकाला चौकोन करून पुढे. कठीण प्रश्न शेवटीच येतात असे नाही, अकरावा प्रश्नही डोके खाणारा असू शकतो. त्यावर चार मिनिटे घालवणारे मूल शेवटचे पाच सोपे प्रश्न वाचतही नाही, आणि घरी येऊन 'वेळ पुरला नाही' म्हणते. दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेला १८ आणि बुद्धिमत्तेला ६२ मिनिटे दिली तरी १० उरतात. शेवटच्या तीन मिनिटांत एकही गोल मोकळा ठेवायचा नाही. गुण कापत नाहीत, मग रिकामा का सोडायचा? (आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात, पाचवीला ती भानगड नाही.)

उत्तरपत्रिकेचा सराव बहुतेक घरांत होत नाही. घरी मुले पुस्तकातच पेन्सिलीने खूण करतात, परीक्षेत मात्र गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने रंगवायचा असतो आणि एकदा रंगवला की खोडता येत नाही. नमुना उत्तरपत्रिकेच्या दहा-बारा झेरॉक्स काढा आणि प्रत्येक संच त्यावरच घ्या. सगळे सोडवून शेवटी गोल रंगवण्याची पद्धत धोक्याची आहे, वेळ संपतो. प्रत्येक प्रश्नाला थांबून रंगवले तर लय तुटते. एक पान सोडवले की त्या पानाचे गोल, हे मुलांना सर्वात जमते. आणि सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे ओळ सरकणे: २३ वा प्रश्न सोडला, २४ चे उत्तर २३ च्या ओळीत गेले आणि तिथून पुढे सगळी माळ घसरली. सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीला उत्तरपत्रिकेवर काहीही खूण करायची नसते, म्हणून चौकोन प्रश्नपत्रिकेवर. दर पाचव्या प्रश्नाला क्रमांक मनात म्हणून ओळ जुळवायची. घरच्या सरावात मुद्दाम सांगा, 'आज ७, २३ आणि ४१ सोडून दे.' दोन वेळा माळ घसरली की तिसऱ्यांदा आपोआप सावध होते.

तुम्ही जाता जाता विचारले आहे की नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचीही तयारी सोबत करावी का. गणिताचा आणि भाषेचा बराच भाग एकच आहे, पण तिथला मानसिक क्षमतेचा भाग, ८० पैकी ४० प्रश्न, पूर्णपणे आकृत्यांवर असतो. रांगा, नाती, वार तिथे नाहीत. तेव्हा आकृत्यांचे काम दोन्हीकडे उपयोगी पडेल, बाकी बुद्धिमत्ता शिष्यवृत्तीसाठी वेगळी करावी लागेल. धाकटा तिसरीत आहे म्हणालात, तर त्याच्यासाठी वेगळी नोंद: २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला असलेली ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचा शासनाचा निर्णय झाला आहे. त्याची वेळ तुम्हाला वाटते त्याच्या आधी येईल. ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरचे परिपत्रक पाहत राहा, पण त्याला आत्तापासून संच देऊ नका. पाढे आणि वाचन, बस.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर पालकांचा घोळका उत्तरे जुळवत असतो. लेकीला घेऊन तिथून दूर जा, डबा द्या, पाणी द्या, पहिल्या पेपराबद्दल अवाक्षर नको. तिथे दोन उत्तरे चुकलेली कळली की दुसऱ्या पेपरातले पहिले पंधरा प्रश्न ती त्याच विचारात सोडवते. पेपर झाल्यावर परिषद आधी अंतरिम उत्तरसूची देते, त्यावर आक्षेप मागवते आणि मग अंतिम सूची लागते. दोन्हींत काही उत्तरे बदलू शकतात, म्हणून अंतरिम सूचीवरून गुण मोजून नातेवाइकांना कळवू नका. आणि तिने प्रश्नपत्रिकेवर केलेले ठिपके जपून ठेवा. अंतिम सूचीवरून तपासताना तुक्के किती लागले ते त्यावरूनच कळेल.